संदर्भ : वाडीवरची आजी

मृगाचे चार थेंब पडले की आमच्या दारात शेवळं यायची. रायगड जिल्ह्यात डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. वर दोन मैलांवर कातकऱ्यांची वाडी. त्या वाडीवरची एक बाई डोक्यावर पाटी घेऊन उतरायची, आमच्या ओट्यावर टेकायची आणि आईला हाक मारायची, "भाबी, शेवळां आनलीत गो." पाटीत जांभळट, निमुळते कोंब. मिटलेल्या छत्रीसारखे दिसायचे. आणि पाटीच्या एका कोपऱ्यात पानात बांधलेली हिरवी, आंबट फळं. ती काकडं.

ह्या बाईचा एक नियम होता. काकडं घेतल्याशिवाय ती शेवळं द्यायची नाही. एकदा आई म्हणाली, "बाय, काकडं ऱ्हाऊ देत, घरात चिंच आहे." त्यावर तिने काढलेली शेवळं पुन्हा पाटीत टाकली. म्हणाली, "मग नको नेऊ. पोरांचे घशाला खाज सुटल, नि नाव माजा होल." आईने निमूटपणे काकडं घेतली. चिंच आणि आमसूलही ह्या कामी येतात हे मला पुढे कळलं. पण बाईला ते कधीच पटलं नसतं.

श्रोतेहो, शेवळ म्हणजे सुरणाच्या जातकुळीतली रानभाजी. शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. सुरण, अळू ह्या साऱ्या मंडळींच्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात. आपण म्हणतो, खाज सुटली. आंबट घातलं की ती खाज मोडते. म्हणून हाताला तेल लावून शेवळं सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, काकडं ठेचून त्यांचं पाणी भाजीत घालायचं. आमच्या घरी त्यात सुकट पडायची, चार पैसे असले तर खिमा. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. स्फटिकबिटिक मला पुस्तकातून कळले, तेही चाळिशीनंतर. काय करायचं ते मात्र दहा वर्षांचा असताना ओट्यावर बसून कळलं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मुलाने मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवलं. आधी कविता टाइप केल्या, मग एका ऑनलाइन ज्ञानकोशात डोकावलो. तिथे कुणालाही लिहिता येतं, सुधारता येतं, हे कळल्यावर मला फार आनंद झाला. शेवळाची नोंद शोधली. दोन ओळी होत्या. लॅटिन नाव, कूळ, आणि भाजी करतात एवढंच. मी रात्री जागून त्यात भर घातली. कधी उगवते, कशी सोलायची, काकडं का घालायची, सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी खाली सूचना : संदर्भ द्या. मी लिहिलं, "संदर्भ : वाडीवरची आजी." (एव्हाना ती बाई आजी झाली होती.) तीन-चार दिवसांनी पाहिलं तर माझा सगळा मजकूर उडालेला. राहिल्या पुन्हा त्या दोनच ओळी. भाजी करतात एवढं राहिलं, खाज कशी घालवायची ते गेलं!

मी चिडलो, हे कबूल करतो. कवीचा मजकूर उडाला की तो चिडतोच. पण राग उतरल्यावर नियम वाचले, आणि ते वाचताना जाणवलं की नियम करणारे काही खुळे नाहीत.

विकिपीडिया हा ऑनलाइन ज्ञानकोशांतला सर्वांत मोठा. १५ जानेवारी २००१ला तो इंग्रजीत सुरू झाला, २००३ साली मराठीत. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' काढला, पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'मराठी विश्वकोश' उभा राहिला, त्याचा पहिला खंड १९७६चा. ह्या कोशांत नोंद कोणी लिहिली ते ठाऊक असायचं. लिहिणारा त्या विषयातला जाणकार, वर तपासणारे संपादक. विकिपीडियात लिहिणारा कोण, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग भरवसा कशाचा धरायचा? लिहिणाऱ्याचा धरता येत नाही, म्हणून त्याने दाखवलेल्या पुराव्याचा. जे लिहाल ते आधी कुठेतरी विश्वासार्ह ठिकाणी छापून आलेलं हवं, म्हणजे कुणालाही पडताळता येईल. आणि स्वतःचं नवं संशोधन इथे आणू नका. असे हे दोन नियम. विचार करा, "माझ्या आजीने सांगितलं" हा संदर्भ चालला असता, तर उद्या दुसरा कोणी लिहील की माझ्या आजीने सांगितलं, अमुक रस प्यायल्याने कर्करोग बरा होतो. मोबाईलवर रोज सकाळी असल्या आज्या किती येतात, ते तुम्ही जाणताच.

तेव्हा नियमाशी माझं भांडण नाही. नियमाच्या पोटात जे गृहीत धरलेलं आहे त्याच्याशी आहे. ते असं, की जे जाणण्याजोगं आहे ते केव्हा ना केव्हा छापलं गेलेलंच असणार. छापलं कोणाचं गेलं, हे जरा पाहा. इंग्रज सरकारने १८८० नंतरच्या काही वर्षांत मुंबई इलाख्याचे गॅझेटियर काढले. ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२चा, कुलाब्याचा १८८३चा. त्यांत कातकऱ्यांची माहिती आहे. ते काय खातात, कसे राहतात, खैराच्या झाडापासून कात कसा काढतात. ही माहिती आली कुठून? कोणाच्या तरी तोंडूनच ना! साहेबाच्या माणसाने कातकऱ्याला किंवा त्याच्या शेजाऱ्याला विचारलं, त्याने सांगितलं, साहेबाने लिहिलं, सरकारी छापखान्यात छापलं. आज तो मजकूर पक्का संदर्भ. आणि त्याच कातकऱ्याची पणती आपल्या तोंडाने तेच सांगते, तेव्हा ते 'ऐकीव'. दोन्हींत फरक मधल्या शाईचा!

शाईची ही किंमत किती असते, ते हळदीच्या खटल्यात दिसलं. १९९५ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या संशोधकांना हळदीने जखम भरून आणण्याच्या उपयोगाचं पेटंट मिळालं. आपल्याकडे पोराचा गुडघा फुटला की आई हळद दाबते, त्यात कोणाला नवल वाटत नाही. पण पेटंट कार्यालयापुढे "आमच्या आया असंच करतात" हे म्हणणं टिकत नव्हतं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तेव्हा तिचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर, ह्या पेटंटला आव्हान दिलं आणि लेखी पुरावे शोधून काढले. संस्कृत, उर्दू, हिंदी मिळून बत्तीस संदर्भ. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला एक लेखही होता. १९९७मध्ये पेटंट रद्द झालं. पुढे २००१पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं, म्हणजे पुन्हा असा प्रसंग आला तर कागद हाताशी असावेत.

ह्या लढाईचा आपण अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. पण मी दुसऱ्या बाजूने पाहतो. हळद जिंकली, कारण ती पोथीत होती. आयुर्वेदाची पोथी, युनानीची पोथी, सिद्धाची पोथी. वाडीवरच्या आजीचं मूळ, साल आणि पाला कुठल्या पोथीत आहे? उद्या त्यातल्या एखाद्यावर कोणी हक्क सांगितला तर बत्तीस राहू द्या, दोन संदर्भ तरी आपण कुठून आणणार?

हा पेच केवळ आपला नाही, आणि त्यावर कोणी काही केलंच नाही असंही नाही. २०११ साली बंगळूरचे अचल प्रभला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. विकिमीडिया फाउंडेशनने त्याला पैसे दिले होते. दक्षिण आफ्रिकेतला लिंपोपो प्रांत, आणि आपल्याकडे केरळ व हरियाणा. भाषा तीन, उत्तर सोथो, मल्याळम आणि हिंदी. प्रश्न साधा होता. ज्या गोष्टी हजारो माणसं रोज करतात आणि ज्यांच्यावर पुस्तक नाही, त्यांची नोंद कशी करायची? केरळात मुलांचा एक डबा कळी नावाचा खेळ आहे. लाखो माणसं लहानपणी तो खेळली. मल्याळम विकिपीडियावर त्याची नोंद होती, चित्रं होती, नियम होते, संदर्भ मात्र एकही नव्हता. आफ्रिकेत एका फळापासून घरोघर करतात त्या मोकगोपे नावाच्या पेयाचीही तीच गत. ह्या लोकांनी जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, त्या मुद्रणाला जागा दिली आणि नोंदीखाली संदर्भ म्हणून पुस्तकाच्या नावाऐवजी ते मुद्रण जोडलं. अमुक गावी, अमुक तारखेला, अमुक व्यक्तीने सांगितलं, ऐकायचं तर इथे ऐका. त्यावर 'पीपल आर नॉलेज' नावाचा माहितीपट निघाला. माणसं हेच ज्ञान, असा त्याचा अर्थ.

पुढे काय झालं? गाजावाजा झाला, वाद झाला. जुन्या संपादकांचं म्हणणं पडलं की ही मुलाखत म्हणजे तुमचं स्वतःचं संशोधनच, ते आम्हाला नियमात बसत नाही. हा मार्ग नियम म्हणून काही रुळला नाही.

ह्या वादाविषयी वाचताना मला मात्र आमचे मौलवीसाहेब आठवले. लहानपणी मदरशात ते हदीस सांगत, म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आचरण. प्रत्येक हदीसच्या आधी नावांची एक साखळी असते. अमक्याने मला सांगितलं, त्याला तमक्याने, त्याला फलाण्याने, आणि त्याने स्वतः पैगंबरांकडून ऐकलं. तिला इस्नाद म्हणतात. आम्हा पोरांना ती नावं कंटाळवाणी वाटायची, कधी एकदा गोष्ट सुरू होते असं व्हायचं. मोठेपणी कळलं की त्या नावांतच सगळी मेख आहे. नवव्या शतकात इमाम बुखारींसारखे संग्राहक गावोगाव फिरले आणि त्यांनी वचनाइतकीच सांगणाऱ्यांची परीक्षा केली. हा माणूस खरा बोलतो का? त्याची स्मरणशक्ती कशी? ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला तो कधी भेटला तरी होता का, की दोघांच्या हयातीतच अंतर आहे? सांगणाऱ्यांच्या चरित्रांचं एक वेगळं शास्त्रच झालं. मौलवीसाहेब एक आख्यायिका रंगवून सांगत. एक संग्राहक लांबचा प्रवास करून एका माणसाकडे हदीस ऐकायला गेला. तो माणूस रिकामा पदर दाखवून, त्यात दाणे आहेत असं भासवून, आपल्या जनावराला जवळ बोलावत होता. संग्राहक तिथूनच परत फिरला. जनावराला फसवतो त्याचा शब्द कसा घ्यायचा?

इथे धर्माचा मुद्दा मला मांडायचा नाही, पद्धतीचा मांडायचा आहे. तोंडी ज्ञानाला संदर्भ देता येत नाही, हे खरं नव्हे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी माणसांनी तो देऊन दाखवला आहे. आणि आपल्याकडे वेद तर कित्येक शतकं लिहिलेच गेले नव्हते. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा युक्त्यांनी एक अक्षर न हलवता ते तोंडातून तोंडात आले. २००३ साली युनेस्कोने वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवलं. ते ऐकून मला आनंदच झाला. पण मग वारल्यांच्या लग्नात चौक लिहिला जात असताना धवलेरी जे रात्रभर गाते, त्याला आपण नुसती 'लोकगीतं' म्हणून का सोडून देतो? वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चित्रं कपबशीवर आली, साडीवर आली, विमानतळाच्या भिंतीवर आली. चौकातल्या पालघाट देवीपाशी धवलेरी काय म्हणते, ते विचारणारे मात्र थोडेच.

तोंडी शब्दाने काय होऊ शकतं, ह्याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत मोठं उदाहरण इंडोनेशियातलं आहे. सुमात्राच्या पश्चिमेला सिमेउलुए नावाचं बेट. १९०७ साली तिथे मोठी त्सुनामी आली, हजारो माणसं गेली. वाचलेल्यांनी त्या लाटेला नाव दिलं, स्मोंग. आणि ती गोष्ट पोरांना झोपवताना, गाण्यांतून, सांगत राहिले. जमीन जोरात हलली आणि मग समुद्र मागे गेला, की काही घेऊ नका, डोंगरावर पळा. जवळजवळ शंभर वर्षं हे नुसतं सांगणं चालू होतं. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली, तेव्हा हे बेट भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळ होतं. कोणतीही यंत्रणा इशारा द्यायला नव्हती. कोणीतरी ओरडलं, स्मोंग! आणि माणसं डोंगरावर गेली. बेटाची लोकवस्ती सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार. मेले सात. समोर आचेच्या मुख्य भूमीवर, जिथे हा शब्द नव्हता, लाखाहून अधिक माणसं बुडाली.

त्या दिवसाआधी स्मोंगची नोंद कोणी ज्ञानकोशात लिहायला घेतली असती, तर खाली सूचना आली असती, संदर्भ द्या. आज भरपूर संदर्भ आहेत. शास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिले आहेत.

आता दुसरी बाजू. ती मला वाडीवरच्या आजीनेच शिकवली. मजकूर उडाल्यावर मी ठरवलं, मुद्रण करायचं. मोबाईल घेऊन वाडीवर गेलो. आजी अंगणात बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं. तिने तोंडाला पदर लावून हसून घेतलं आणि बोलायला लागली. शेवळं, लोत, कुरडू, टाकळा, करटोली, कुठली भाजी कुठल्या पावसात, काय काय सांगितलं! कडू कंदावर आल्यावर तिचा आवाज बदलला. हा कंद विषारी. कातकरी, ठाकर तो खातात, पण आधी राख घालून उकडतात, काप करतात आणि रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवतात. आजी म्हणाली, "वाहातां पानी पायजे. हंड्यातला चालाचा नाय." हे तिने तीनदा सांगितलं. मी लिहिताना हंडा म्हणेन अशी तिला भीती होती. आणि ती भीती खोटी नव्हती. तोंडाने सांगितलेलं ज्ञान सांगणाऱ्याच्या हाताशी बांधलेलं असतं, चूक केली तर तो हात धरतो. कागदावर आलेलं वाक्य सुटं होतं. त्यातली एक पायरी गळाली तर सांगायला तिथे कोणी नसतं.

मग मी विचारलं, "आजी, तुम्ही बाळंतिणीला जे मूळ देता, ते कुठलं?" आजी गप्प झाली. म्हणाली, "ता नाय सांगाचा, बाबू." मी म्हटलं, "अहो, सगळ्यांना उपयोग होईल." ती म्हणाली, "सगल्यांनी खनला तं आमाला काय ऱ्हाल?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुक्त ज्ञानकोशातला मजकूर मुक्त असतो, म्हणजे कोणीही तो घ्यावा, बदलावा, विकावाही, फक्त मूळ ठिकाणाचा उल्लेख करावा. ही मोठी उदार गोष्ट आहे, आणि एरवी मी तिच्या बाजूचा आहे. पण ज्यांच्याकडे जमीन नाही, वीटभट्टीवर जाऊन जे उचल फेडतात, त्यांच्याकडे ठेवा असतो तो एवढाच. तो एकदा मुक्त केला की परत घेता येत नाही. आपण उदार व्हायचं ते दुसऱ्याच्या ठेव्याच्या जोरावर का?

ऑस्ट्रेलियात ह्यावर निराळा विचार झालेला आहे. तिथल्या टेनंट क्रीक भागातल्या वारुमुंगू ह्या आदिवासी लोकांसाठी मुकुर्तू नावाची संगणक-व्यवस्था तयार झाली. मुकुर्तू म्हणजे त्यांच्या भाषेत पिशवी, जिच्यात जपायच्या वस्तू ठेवतात. तीत फोटो, गाणी, गोष्टी ठेवता येतात, पण कोणती गोष्ट कोणी पाहायची हे समाज ठरवतो. काही फक्त बायकांसाठी, काही एका कुटुंबासाठी, काही साऱ्या जगासाठी. कुणी वारलं की त्याचे फोटो पाहू नयेत अशी तिथल्या अनेक समाजांत रीत आहे, तीही पाळता येते. आपल्या कानाला हे जरा विचित्र लागतं, कारण ज्ञान म्हणजे सर्वांसाठी खुलं अशी आपली शिकवण. आमच्या पिढीला तर ती शिकवण फार कष्टाने मिळाली, ज्ञान कोंडून ठेवणाऱ्यांशी भांडून मिळाली. पण कोंडून ठेवणारा बळी असतो तेव्हाची गोष्ट वेगळी, आणि दुबळा आपली पिशवी आवळून धरतो तेव्हाची वेगळी. हे मला त्या अंगणात बसून कळलं.

महाराष्ट्रात ह्या कामाचे नमुने आहेत, नाहीत असं नाही. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी अनेक वर्षं खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाहून जास्त ओव्या! आणि प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव. २०१७पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर त्या येऊ लागल्या, कित्येक तर गाणारीच्या आवाजात ऐकता येतात. 'एक अनाम लोककवयित्री' म्हणून तिला पुसून टाकलेलं नाही. इस्नाद ती हीच. भाषांच्या बाबतीत गणेश देवी यांच्या लोकभाषा सर्वेक्षणाने २०१०पासून असंच काम केलं, त्याचा महाराष्ट्राचा खंड २०१३ला मराठीत आला. आणि २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावच्या समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, गावातल्या जाणत्यांना विचारून. ह्या वह्या मनापासून केल्या तर त्यांच्याइतका चांगला संदर्भ दुसरा नाही. पण काम पुरं झाल्याचा कागद वर पाठवण्यासाठी एका गावची वही दुसऱ्या गावात उतरवून काढली, तर त्यात आजी कुठून येणार?

आणखी एक वाट आहे, ती भाषेची. संथाळी भाषेचा विकिपीडिया २०१८मध्ये सुरू झाला, रघुनाथ मुर्मू यांनी घडवलेल्या ओल चिकी लिपीत. कॅनडात क्विबेकमधल्या आतिकामेक लोकांनी २०१७मध्ये आपल्या भाषेत तो सुरू केला. तिथे लिहिणारा आणि तपासणारा दोघेही त्याच पाण्यातले. काकडाचं वाक्य उडवायचं की ठेवायचं, हे ठरवणाऱ्याने काकडं खाल्लेली असतात. मराठीत लिहिणाऱ्या आपण मंडळींनी वारली, कातकरी, गोंडी, भिली बोलणाऱ्यांना आपल्या कोशात बोलवावं हे ठीकच, पण त्यांचा कोश त्यांनी केला तर संपादक म्हणून बसायची घाई आपण करू नये.

माझ्या मुद्रणाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आजीच्या परवानगीने तिने सांगितलेल्या भाज्यांवर मी तालुक्याच्या एका दिवाळी अंकात लेख लिहिला, तिच्या नावानिशी. पुढच्या वर्षी त्या लेखाचा संदर्भ देऊन शेवळाची नोंद पुन्हा भरली. ती टिकली. म्हणजे पाहा, तेच शब्द, तीच आजी, तोच मी. मध्ये चार पानं छापली गेली, एवढंच. बाळंतिणीच्या मुळाबद्दल मी त्यात एक शब्द लिहिलेला नाही. अंक घेऊन वाडीवर गेलो तेव्हा आजीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि नातीकडे दिला. म्हणाली, "वाहातां पानी लिवलाय का बघ." नातीने बोट ठेवून ते वाक्य शोधून दाखवलं.

आजी आता नाही. गेल्या पावसाळ्यात ती नात आमच्या बाजारात शेवळं घेऊन बसली होती. शेजारच्या नव्या वसाहतीतली एक तरुण बाई भाव विचारत होती. तिने जुड्या निवडल्या आणि म्हणाली, "ही फळं नकोत गं, नुसती शेवळं दे. कृती मोबाईलवर आहे माझ्याकडे." नातीने जुडी तिच्या हातातून काढून घेतली आणि पाटीत ठेवली.

"मग ऱ्हाऊ द्या, ताई," ती म्हणाली.